एजियस उडी मारत नाही

२०१४ च्या गणपतीत सिंगापुरातल्या एका मराठी मंडळाने ग्रीक नाटक बसवलं, याला कारण मंडळाची नाटकं बसवणाऱ्या सुनेत्राताईंची सहल. मे महिन्यात त्या ग्रीसला गेल्या आणि येताना चार किलो ऑलिव्ह आणि एक राजा घेऊन आल्या. ऑलिव्ह मंडळात कुणी खाल्ले नाहीत. राजा मात्र चारुदत्तच्या गळ्यात पडला.

राजाचं नाव एजियस, अथेन्सचा. त्याचा मुलगा थीसियस बोटीने परदेशी राक्षस मारायला जातो. ठरलेलं असं, की जिवंत परतला तर बोटीला पांढरं शीड, मेला तर काळं. मुलगा राक्षस मारतो आणि परतताना शीड बदलायला विसरतो. कड्यावर वाट बघत बसलेला बाप काळं शीड बघतो आणि समुद्रात उडी घेतो. तेव्हापासून त्या समुद्राचं नाव एजियन.

चारुदत्तला हे काम मिळालं, कारण त्याच्याकडे वेळ होता आणि गादी होती. तो चांगी बिझनेस पार्कात एका बँकेच्या सर्व्हरवर लक्ष ठेवायचा आणि बेडोकला भाड्याच्या खोलीत राहायचा. सर्व्हर बोलत नसत. घरमालकीण बोलायची, पण फक्त एसी बंद कर असं. आता उडी मारल्यावर कड्यामागे पडायला काहीतरी मऊ हवं. बाकीच्यांच्या गाद्या डबल होत्या आणि त्यांवर संसार होते. तेव्हा चारुदत्तची सिंगल गादी हॉलवर गेली आणि चारुदत्त फरशीवर झोपू लागला.

तालमीत एक गोष्ट दर वेळी व्हायची. तो उडी मारून गादीवर पडायचा. पुढे थीसियस, म्हणजे शैलेंद्र, हा समुद्र बाबांचं नाव युगानुयुगं सांगेल असं भाषण ठोकायचा, टाळ्या पडायच्या आणि सगळे बोलत बोलत हॉकर सेंटरला जेवायला निघून जायचे. राजा गादीवरच. एकदा तर बाहेरून कुलूप लागलं. तेव्हा त्याने स्वतःच मंडळाच्या ग्रुपवर 'राजा आत आहे' असा मेसेज टाकला. सगळ्यांनी हसरे चेहरे पाठवले. किल्ली बऱ्याच वेळाने आली.

मग त्याने मनाशी ठरवलं. प्रयोगाच्या दिवशी उडी मारायची आणि कुणी हाक मारेपर्यंत उठायचं नाही. कुणीच मारली नाही, तर मंडळात जाणं कायमचं बंद. मराठी बोलायला आठवड्यातून तेवढीच एक जागा होती, त्यामुळे निर्णय साधा नव्हता.

प्रयोग दुपारी होता. गणपती रंगमंचाच्या कोपऱ्यात बसलेला. खजिनदार निशिकांतकाका आले, त्यांनी काळं शीड बघितलं आणि न बोलता काठीवरून उतरवलं. गणपतीसमोर काळं नको. त्या जागी त्यांनी स्वतःचं पूजेचं लाल काठाचं पांढरं धोतर बांधलं. सुनेत्राताईंना सांगायचं राहिलं, कारण तेवढ्यात मसालेभात आला.

चारुदत्त कड्यावर, म्हणजे एकावर एक रचलेल्या टेबलांवर, दाढी कानाला अडकवून उभा होता. बोट आली. शीड पांढरंशुभ्र. मुलगा जिवंत होता. उडी मारायला काही कारणच उरलं नव्हतं.

विंगेतून सुनेत्राताई दोन्ही हातांनी उडीच्या खुणा करत होत्या. पहिल्या रांगेतल्या एक आजी शेजारणीला म्हणाल्या, आला बाई पोरगा एकदाचा. चारुदत्त तसाच उभा. शैलेंद्रने धोतराकडे पाहिलं, मग बापाकडे. त्याचं भाषण मेलेल्या माणसासाठी होतं.

"बाबा, उतरा खाली," शेवटी तो म्हणाला. "जेवलात का?"

"नाही," अथेन्सचा राजा म्हणाला.

तो उतरला आणि शैलेंद्रने त्याला मिठी मारली. चारुदत्तला याआधीची मिठी पुण्याच्या विमानतळावर घरच्यांनी मारली होती, आणि तिला आता बराच काळ लोटला होता. पडदा पडला. समुद्र बिननावाचा राहिला.

विंगेत त्याने शैलेंद्रला विचारलं, तुला हे सुचलं कसं?

"अरे, रोज व्हिडिओ कॉलवर बाबांना तेवढंच विचारतो," शैलेंद्र म्हणाला. "तेच तोंडात आलं." आणि तो बायकोमुलांना शोधायला गेला.

म्हणजे ती हाक शैलेंद्रच्या वडिलांची होती, आणि त्यांना ती रोज मिळतच होती.

सगळे जेवायला खाली गेले. ठरवलेलं ते ठरवलेलं, उडी अजून बाकी होती. चारुदत्त पुन्हा टेबलांवर चढला, त्याने गणपतीकडे एकदा पाहिलं आणि उडी मारली. इतके दिवस फरशीवर झोपल्यामुळे स्वतःच्या गादीवर पाठीला बरं वाटलं. खालून पंगतीचा आवाज येत होता. कुणीतरी कुणालातरी आग्रह करत होतं.

बऱ्याच वेळाने निशिकांतकाका धोतर सोडवायला आले.

"कोण आहे तिकडे?"

चारुदत्त गप्प राहिला. 'कोण आहे' ही काही हाक नव्हे.

काका कड्यामागे वाकले. चेहरा ओळखीचा वाटला, नाव काही आठवेना.

"एजियस ना तुम्ही?"

"हो."

"चला मग. मसालेभात संपत आलाय."

दुसऱ्याच्या नावाने मारलेली हाक धरायची की नाही, हे त्याने आधी ठरवलेलं नव्हतं. पण मसालेभात संपत आला होता, तेव्हा विचार जिन्यात करायचा असं ठरवून तो उठला.