बांधापासून आत

ॲल्युमिनियमचे नऊ डबे, त्यांतले दोन चेपलेले. पाच सेंटीमीटर उंचीचं एक लोखंडी कडं. एक हातोडा, एक सुरी. वरंधच्या ठकूबाईंच्या घराखाली तीन शेतं, प्रत्येक शेतात तीन जागा. भात कापून झालं होतं आणि उरलेल्या ओलीवर वाल पेरले होते. नुकती दोन-दोन पानं फुटली होती.

उजाडता उजाडता उपग्रह वरून गेला. डोळ्यांना दिसला नाही, पण त्याच्या रडारने या शेतांची ओल मोजली होती. तीच ओल रूपालीला हाताने मोजून ताडून बघायची होती. मागच्या दोन्ही खेपांना उपग्रह म्हणाला तीस टक्के आणि तिची माती म्हणाली सतरा. "या वेळीही जुळलं नाही, तर वरंध वगळू," असं प्रकल्प बघणाऱ्या सुहास सरांनी पुण्याहून कळवलं होतं. वगळलं, की दरडींच्या इशाऱ्यासाठी तयार होणाऱ्या नकाशात हा डोंगर कोराच राहणार. याच तालुक्यातल्या नाते गावच्या रूपालीने हट्टाने हीच जागा मागून घेतली होती.

मातीचा नमुना काढायला बांधालगतच्या न पेरलेल्या पट्टीत तिने कडं टेकवलं.

"काय गो, परत कडेलाच?" अंगणातून ठकूबाईंनी हटकलं.

"आत वाल आहेत ना, काकू. पेरल्या शेतात पाय कसा घालू?"

"शेतकऱ्याची पोर शोभतेस खरी! पन तुझा तो वरचा काय नुसती कड बघतो? कड दोन दिसांत वाळते. ओल हाय ती मधी."

रूपालीचा हातोडा हातातच राहिला. दुसऱ्याच्या पेरणीत पाऊल टाकू नये, ही आईची शिकवण तिने मोजमापातही पाळली होती. रडार अख्खं शेत बघत होतं; ती एवढीशी पट्टी.

"मग येऊ आत?"

"चपला काढ. ओळींच्या मधनं चाल. आन् रोप मोडलंस, तर तुझ्या सरांना पेरायला बोलवीन!"

ठकूबाई स्वतःच खाली उतरल्या आणि एकेक डबा पुढे करू लागल्या. "मुंबईला सुनीलला सांगते, तुझी आय आता आभाळाची चूक तपासते."

"आभाळाची नाही, काकू. माझी."

महाडला कॉलेजात तिने माती तोलली, चोवीस तास ओव्हनमध्ये वाळवली, पुन्हा तोलली.

उपग्रह : ३०.६ टक्के. माती, सरासरी : २९.८ टक्के.