दाराकडचा आरसा

"चौतीस इंच, आरामभाऊ! आणि असा वाकडा." तुफानने दोन्ही हात पसरून हवेतच कमान काढली. "समोर बसलं की मॉनिटर बघतोय असं वाटतच नाही. थेट गाडीतच बसलोय! दोन्ही आरसे एकदम दिसतात. मान वळवायला नको, बटण दाबायला नको."

डेपोच्या खिडकीतून आरामभाऊंनी किल्ली पुढे सरकवली. सातशे बारा नंबरच्या बसची किल्ली. अठरा वर्षं ती त्यांच्या खिशात खुळखुळली होती. आता रोज सकाळी ती खिळ्यावरून काढायची आणि ह्या पोराच्या हातात ठेवायची, एवढंच त्यांचं काम.

"सही कर."

"करतो हो. तुम्ही पण घ्या की एक. तुमच्या त्या बसच्या गेमला तसाच पाहिजे. जुन्या चौकोनी डब्यावर काय मजा येणार?"

"बघू."

तुफानने सही ठोकली, निघाला, आणि चार पावलांवरून परत आला. "ते एक राहिलंच. दाराकडचा आरसा परत मान टाकतोय. दुसऱ्या स्टॉपपर्यंत पार खाली बघायला लागतो. वर्कशॉपवाल्यांनी तीनदा आवळला. तुमच्या वेळी काय करायचात?"

"माझ्या वेळी नव्हतं असलं काही," आरामभाऊ म्हणाले आणि त्यांनी वहीत डोकं घातलं.

धडधडीत खोटं होतं ते. सातशे बाराचा आरसा पहिल्या दिवसापासून मान टाकत होता. त्यावरचा इलाज आरामभाऊंच्या टेबलाच्या खणात, टाचण्यांच्या डबीत पडला होता. जुन्या ट्यूबचा कापलेला, नखाएवढा रबराचा तुकडा. तो आरशाच्या सांध्यात एका ठरावीक कोनात खुपसला की आरसा जागचा हलत नसे. किती तुकडे कापून बघितले होते, तेव्हा कुठे हा बसला होता.

शेवटच्या दिवशी त्यांनी गाडीतून आपलं सामान काढलं. बसायची उशी, पाण्याची बाटली, काच पुसायचं फडकं. खाली उतरता उतरता हात आरशाकडे गेला आणि रबरही निघालं. ज्याची वस्तू त्याने न्यावी, ह्यात वाईट काय? मनात खोलवर मात्र दुसराच हिशेब होता. नवा ड्रायव्हर येईल, डोकं खाजवेल, म्हणेल, आरामभाऊ, ही गाडी तुम्हालाच कळते.

तुफान आला, विचारून गेला, एकदा नाही, चारदा. आणि दर वेळी आरामभाऊंच्या घशाशी आलेलं उत्तर परत खाली जायचं. कारण विचारताना तो हसायचा. कारण त्याला खिडकीशी उभं राहिल्या राहिल्या, मान न वळवता, बाजूच्या भिंतीवरचं घड्याळ दिसायचं. कारण गाडी बाहेर काढताना तो एका हाताने चाक फिरवायचा आणि ते बघवत नसे.

'आरामभाऊ' हे नाव प्रवाशांनी दिलेलं. दारात गर्दी झाली की ते ओरडायचे, "आरामात चढा, आरामात! गाडी काय पळून जात नाही." शेवटचं पाऊल आत आलेलं आरशात दिसल्याशिवाय त्यांनी कधी दार लावलं नाही.

मग वार्षिक तपासणी आली. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी एका पांढऱ्या घुमटात तोंड घालायला लावलं. कुठेही ठिपका चमकला की बटण दाबायचं. आरामभाऊंनी सुरुवातीला दहा-बारा वेळा दाबलं, मग नुसतेच बसून राहिले. शेवटी न राहवून विचारलं, "मॅडम, मशीन बंद पडलं का?"

मशीन चालूच होतं. ठिपके चमकतच होते.

काचबिंदू. मधलं सगळं स्वच्छ, कडेचं गेलेलं. नळीतून बघितल्यासारखं, असं बाईंनी समजावलं. गेलेलं परत येत नाही, आहे ते टिकवायचं. घरी त्यांनी सांगितलं, चष्म्याचा नंबर वाढलाय आणि साहेबांना टेबलावर अनुभवी माणूस हवाय. बायको म्हणाली, "बरं झालं, पाठीला आराम." विषय संपला.

तुफानने मॉनिटरचं सांगितलं त्याच आठवड्यात, शनिवारी, तो दुपारच्या फेरीवरून परतला तो पांढरा पडून.

"शाळेतल्या मुलीच्या दप्तराचा पट्टा दारात अडकला, आरामभाऊ. चार पावलं धावली ती गाडीबरोबर. मागचे ओरडले म्हणून थांबलो."

"लागलं?"

"गुडघा फुटला. स्वतःच उठली, मला म्हणते कशी, 'सॉरी काका.' मला! सॉरी!"

"आरशात दिसली नाही?"

"आरशात टायर दिसत होता हो. नुसता टायर."

आरामभाऊंचा हात खणाच्या कडीवर गेला. खण दोन बोटं उघडलाही. तेवढ्यात साहेब आले आणि त्यांनी तुफानच्या खांद्यावर हात ठेवला. "मनाला लावून घेऊ नकोस. आरशाचा नवा भाग मागवलाय. आणि तुझ्यासारखा हात अख्ख्या डेपोत नाही, हे मी कुणालाही सांगेन."

हेच वाक्य. शब्दाला शब्द. अठरा वर्षं ते आरामभाऊंचं होतं, आणि साहेबांनी ते त्यांच्या देखत दुसऱ्याला देऊन टाकलं.

त्यांनी गुडघ्याने खण लोटला.

रविवारी त्यांनी लेकीला फोन केला, "चल, मॉनिटर घ्यायचाय." लेक सहा महिन्यांच्या छकुलीला कडेवर घेऊन आली. बसचा गेम तिनेच आपल्या जुन्या कम्प्युटरवर घालून दिला होता. बाबा रोज संध्याकाळी अर्धा तास खेळतात, शर्टाचं वरचं बटण लावून खेळतात, हे आईकडून कळल्यावर ती हसता हसता रडली होती.

दुकानात भिंतभर मॉनिटर मांडलेले. एक चुणचुणीत मुलगी पुढे आली. "बोला काका, कसा पाहिजे?"

"चौतीस इंचाहून मोठा आहे?"

"आहे ना. एकोणपन्नास."

"तो दाखवा."

"बाबा," लेक म्हणाली, "आपलं टेबल केवढं?"

"टेबल बदलू."

"आणि खोली?"

"तू गप्प बस गं."

मुलगी हसली. "काका, गेम कुठले खेळता? मारामारीचे?"

"बस चालवतो."

"मग उगीच एवढा कशाला? चौतीसचा भरपूर झाला. चित्र बदलायचा वेगसुद्धा फार नको, शंभर हर्ट्झचा पुरे. आणि मॉनिटर केवढाही आणला तरी कम्प्युटरला ओढवला पाहिजे. नाहीतर चित्र अडखळतं."

"म्हणजे लहान इंजिनावर मोठी बॉडी."

"अगदी बरोब्बर! हे मी आता सगळ्यांना सांगणार."

आरामभाऊंना बरं वाटलं. चौतीस म्हणजे तुफानची बरोबरी तरी होत होती. मुलीने त्यांना खुर्चीत बसवलं, हातात चाक दिलं, गेम लावून दिला. रुंद काच दोन्हीकडून त्यांच्याकडे वाकलेली. समोर रस्ता, दूर सिग्नल, निळं आभाळ. आरामभाऊंनी शर्टाचं वरचं बटण चाचपलं आणि गाडी काढली.

सुरेख चालवली त्यांनी. सिग्नलला अलगद थांबले, वळण तर असं घेतलं की मुलगी म्हणाली, "वा काका!" आणि मग त्यांनी विचारलं, "ह्यात आरसे दिलेले नाहीत का?"

"आहेत की. दोन्हीकडे."

"कुठे?"

विचारता विचारताच त्यांना पांढरा घुमट आठवला. त्यांनी मान वळवली. एका टोकाला आरसा होता, चांगला तळहाताएवढा. परत समोर पाहिलं आणि तो पुसला गेला. पडदा तेवढाच रुंद होता. त्यातला वाटीएवढा तुकडा फक्त त्यांच्या वाट्याला आला होता. बाकीचं सगळं तुफानसारख्यांसाठी होतं.

पुढे स्टॉप आला. त्यांनी गाडी लावली, दार उघडलं. माणसं चढली. दार लावून ते निघाले.

"अहो काका!" मुलगी हसत ओरडली. "एक बाई चढत होत्या अजून! दारातच होत्या!"

आरामभाऊंनी चाक सोडून दिलं. गाडी आपली आपण जाऊन खांबाला धडकली. 'सॉरी काका' म्हणणारी, फुटल्या गुडघ्याची मुलगी त्यांनी पाहिलेली नव्हती. पण आता ती अगदी मधोमध उभी होती, जिथलं सगळं स्वच्छ दिसतं तिथे.

"बाबा."

ते समोर बघत राहिले.

"बाबा, ही केव्हाची हात पुढे करतेय तुमच्याकडे."

छकुलीचा मऊ, ओला पंजा त्यांच्या गालावर आपटला आणि ते दचकले, केवढ्याने तरी दचकले. त्यांच्या कानापासून वीतभर अंतरावर नात कधीपासून होती. लेकीने त्यांच्याकडे पाहिलं. मग तिने आपला हात त्यांच्या गालाच्या बाजूला धरला आणि बोटं हलवली. आरामभाऊंची पापणीसुद्धा लवली नाही. तिने हात हळूहळू पुढे आणला. नाकासमोर आल्यावर ते म्हणाले, "काय करतेस?"

दुकानातली मुलगी गुपचूप एक वायर गुंडाळायला लागली.

"कधीपासून?"

"टेबलावर बसवलं त्याच्या आधीपासून."

"आईला माहितीये?"

"नाही. तिला चष्म्याच्या नंबराचं सांगितलंय." मग ते म्हणाले, "वाढू नये म्हणून औषध आहे. रोज घालतो. न चुकता."

लेकीने छकुलीला त्यांच्या मांडीवर ठेवलं, अगदी समोर, मधोमध. छकुलीने आजोबांचं नाक पकडलं.

"पोरी," आरामभाऊंनी नाकातल्या नाकात दुकानातल्या मुलीला हाक मारली, "चोवीस इंची साधा असेल तर लाव बरं."

साधा लावला. आरामभाऊ खुर्ची मागे सरकवत गेले, पाऊल, दोन पावलं, तीन. रस्ता लहान झाला, आभाळ लहान झालं, आणि मग दोन्ही कडांचे आरसे हळूच त्या वाटीत येऊन बसले.

"आता दिसले," ते म्हणाले.

"काका, लोक मॉनिटर जवळ ओढतात, तुम्ही लांब पळताय!" मुलगी म्हणाली, पण हळू आवाजात.

"हाच बांधून द्या," लेकीने सांगितलं. तिने खोक्यावर हात ठेवला. मग म्हणाली, "आईला मी नाही सांगणार. तुम्ही सांगायचं. आजच."

"आज," आरामभाऊ म्हणाले.

सोमवारी किल्ली खिडकीतून गेली नाही. आरामभाऊ स्वतः ती घेऊन सातशे बारापाशी उभे होते. दुसऱ्या हाताची मूठ मिटलेली.

"अरे! आज इथे?" तुफानने विचारलं. "काय मग, घेतला का? केवढा?"

"चोवीस."

"चोवीस? का हो?"

"मला पुरतो तेवढा. चढ वर, बस जागेवर."

तुफानने किल्ली घेतली, सीटवर बसला आणि इंजिन चालू केलं. आरामभाऊ पुढच्या दारातल्या पायरीवर चढले, बाहेर झुकले आणि मूठ उघडली. रबर सांध्यात टेकवून अंगठ्याने दाबलं. जुनी सवय, बघावं लागलं नाही. आरसा कर्रर्र करून घट्ट बसला.

"हे काय?"

"ह्याच्यावरचा इलाज. सहा महिने माझ्या खणात होता. तू विचारत होतास तेव्हाही होता. शनिवारीसुद्धा."

तुफानने आरशाकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. त्याचं हसणं गेलं होतं. इंजिन तेवढं घुरघुरत राहिलं. त्याने शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

"वर घेऊ का जरा?" शेवटी आरामभाऊंनीच विचारलं.

"थोडा. हां. अजून थोडा. बस."

आरामभाऊ खाली उतरले आणि मागच्या दारापाशी, चढणारं माणूस उभं राहतं तिथे जाऊन उभे राहिले. "दिसतोय का मी?"

आरशात तुफानने मान वर केली.

"दिसताय. डोक्यापासून पायापर्यंत."

दार लागलं. सातशे बारा फाटकाकडे निघाली आणि पुरतं वळण घ्यायच्या आतच त्यांच्या वाटीतून निसटली. आरामभाऊंनी मान वळवली. गाडी तिथेच होती. दोन्ही हात चाकावर ठेवून तुफान ती बाहेर काढत होता, आरामात.