मेंदीच्या पलीकडे

सुलेखाने मेंदीची फांदी वाकवली, तशी ती हातातच मोडली. दुसरी मोडली, तिसरीही. यंदाच्या थंडीने कुंपण असं वाळलं होतं, की फाल्गुन लागला तरी पान दिसेना. कॉलनीतली झाडं बघणारे मोतीराम सकाळी येऊन गेले. "मुळाला जीव हाय, बाई. गुडघ्याइतकं छाटा, फुटंल," म्हणाले. छाटायला चार दिवसांनी येणार होते. सुलेखाला तेवढा धीर निघेना. तिने स्वतःच कात्री घेतली.

बावीस वर्षांपूर्वी तिने आणि नीरजाने मिळून ही मेंदी लावली होती. दोघी एकाच शाळेत शिकवायच्या, शहरालगतच्या सातारा परिसरात शेजारी शेजारी घरं बांधली. मधे भिंत नको म्हणून मेंदी, आणि मेंदीतही माणूस जाईल एवढी फट. त्या फटीतून सुलेखाचा अभय आणि नीरजाची चारुता दिवसभर इकडून तिकडे पळत. पुढे दोघं लग्न करायचं म्हणाले, तेव्हा नीरजाचे यजमान केशवराव सुलेखाकडेच आले. बुद्धाच्या तसबिरीखाली बसून, तिच्या हातचा चहा पीत शांतपणे म्हणाले, "शेजार वेगळा, सोयरीक वेगळी."

नीरजा शेजारीच बसली होती. चहावर आलेल्या सायीकडे बघत राहिली. केशवरावांचे शब्द सुलेखा एखादे वेळी विसरलीही असती. नीरजाचं ते गप्प बसणं तिला विसरता आलं नाही.

चारुताला नाशिकला दिलं. अभय बेंगळुरूला निघून गेला. फट मेंदीनेच बुजवली. या आठ वर्षांत सुलेखाला पलीकडची फोडणी वासावरून कळायची, नीरजाचा खोकला कळायचा. खोकला वाढला की तिचा हात आल्याच्या डब्याकडे जायचा आणि तिथूनच परत यायचा.

वाळलेला गुंता ओढून काढला, तशी पलीकडची माती दिसली. मुळांपाशी ताजं आळं केलेलं, त्यात शेणखत, आणि माती ओली. सुलेखा बघतच राहिली. नळाला आठ दिवसांनी पाणी. धुण्याचं उरलेलं पाणी ती रोज इकडून घालत होती. तिकडूनही कुणीतरी घालत होतं.

"नख लावून बघितलंस का?"

नीरजा समोर उभी होती. केस सगळे पांढरे झालेले. हातात कात्री.

सुलेखाने एका बुंध्याची साल खरवडली. आत हिरवं होतं. तिने नुसती मान हलवली. नीरजा खाली बसली आणि आपल्या बाजूने छाटू लागली.

"चारुता आलीये," नीरजा म्हणाली. "दिवाळीपासून इथंच आहे. परत जाणार नाही म्हणते."

सुलेखाला ते माहीत होतं. संध्याकाळी गच्चीवर कपडे काढणारी सावली तिने ओळखली होती.

"अभय कसा आहे गं?"

सुलेखाची कात्री थांबली. दुसरं काही सांगता आलं असतं तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं.

"मे महिन्यात लग्न आहे त्याचं."

नीरजाने हातातली काटकी जमिनीवर ठेवली. मग उगाचच उचलून दुसरीकडे ठेवली.

"मुलगी कशी आहे?"

"चांगली आहे. त्याच्याच ऑफिसातली."

"चारुताला मी सांगते. बाहेरून कळायला नको." तिने पदराने कपाळ पुसलं. "आम्हाला बोलावशील?"

"तुम्ही याल?"

घरातून केशवरावांनी हाक मारली, चहाचं काय झालं म्हणून. नीरजाने वळून पाहिलं नाही.

"मी येईन," ती म्हणाली, आणि पुढची फांदी धरली.