दगडातली पानं

नाथाजीमामांचा चौथा फोन आला तेव्हा समीक्षाने हार मानली. ती इस्लामपूरच्या कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवायची. मामा फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. कवठे महांकाळजवळच्या गावात मेंढरं आणि थोडी ज्वारी बघायचे. गावामागच्या बंद पडलेल्या खडीच्या खाणीत त्यांना म्हणे दगडात उमटलेली पानं सापडली होती.

“मामा, आपल्याकडचा काळा दगड म्हणजे थंड झालेला लाव्हा. त्यात पानं जळून जातात, उमटत नाहीत,” हे तिने चारही वेळा सांगितलं होतं.

“तू ये तर. मग बोल.”

रविवारी ती पेपर तपासायचे टाकून गेली. मामांच्या हिशेबाने दहा मिनिटांवरची खाण पाऊण तास चालूनही येईना. शेवटी आली, तर मामांना जागा आठवेना. भर उन्हात ते तिला खाणीच्या तळाशी तीनदा गोल फिरवून पुन्हा त्याच बाभळीपाशी घेऊन आले.

“खूण केली नव्हती का?”

“केलती की. मेंढरं बशीवलती तिथं.”

“मेंढरं उठून जातात, मामा.”

“व्हय, गेली खरी.”

चौथ्या फेरीत सापडलं. फुटलेल्या दगडाच्या पांढुरक्या पाठीवर काळ्या, नाजूक फांद्या पसरल्या होत्या. क्षणभर समीक्षालाही ती पानंच वाटली. तिने भिंग लावलं. फांद्यांना देठ नव्हता, शिरा नव्हत्या. सगळ्या एका बारीक भेगेपासून सुरू होऊन वर गेल्या होत्या.

“ही पानं नाहीत. भेगेतून पाणी झिरपतं, त्यातलं मँगनीज असं फांद्यांसारखं साचत जातं.”

“डोळ्याला झाड दिसतंय आन तू पाणी म्हनतीस?”

तिने सगळं पुन्हा समजावलं. मामांनी पुन्हा मान हलवली, नकाराची. मग हळूच म्हणाले, “शाळंच्या गुरुजीस्नी सांगिटलंय. उद्या पोरं येनार हायती बगाय. बॅनर छापून आलाय.”

“मला विचारायच्या आधी?”

“तू न्हाई म्हनली असतीस.”

समीक्षाने त्याच भेगेचा दुसरा दगड शोधला, मामांच्या हातात हातोडी दिली आणि म्हणाली, “फोडा. तुमच्याच हाताने.”

मामांनी घाव घातला. दगड उकलला. दोन्ही तुकड्यांवर तेच काळं झाड, आरशात बघावं तसं, आणि दोन्हीकडे सुरुवात भेगेच्या कडेला. मामांनी चष्मा पुसला, तुकडे जोडून पाहिले, पुन्हा सुटे केले.

“म्हंजे रुजलंच न्हाई हे कवा.”

“नाही.”

“आन तरीबी असं वाढलं.”

त्यांनी फोन लावला. “गुरुजी, झाड न्हवं ते. व्हय, चुकलं माझं. पर पोरं आनाच. आमची समीक्षा हाय न्हवं, ती सांगंल काय हाय ते. व्हय, धा वाजता.”

“मामा, उद्या सोमवार आहे. मला कॉलेज आहे.”

“मग रजा टाक,” म्हणून मामांनी दोन्ही तुकडे गमछ्यात बांधले आणि वाटेला लागले.

समीक्षा चरफडत मागोमाग निघाली, आणि चालता चालताच प्राचार्यांचा नंबर शोधू लागली.