गाळलेल्या जागा

थोरल्या नातीला पहिला दात आला, त्याच वर्षी मास्तरीणबाईंची वाचा गेली. मास्तर म्हणजे टेलरमास्तर. सगळी गल्ली त्यांना मास्तर म्हणायची आणि त्यांच्या बायकोला मास्तरीणबाई. अक्षरओळख मात्र दोघांना साठीत झाली, प्रौढांच्या वर्गात, एकाच बाकावर.

अर्धांगाचा झटका आल्यावर बाईंना शब्द सापडेनात. पाणी हवं असलं की म्हणायच्या, "कात्री." जो तो सुधारायचा, "कात्री नव्हे, पाणी म्हणा." शेवटी त्यांनी तोंडच मिटलं. मास्तरांना घर खायला उठलं. तिने काहीही बोलावं, पण बोलावं, एवढंच त्यांना हवं होतं.

लेक वाचनालयात कामाला. एकदा तिची पिशवी माहेरी राहिली, तिच्यात एक पुस्तक निघालं. ओळीत चार शब्द आणि मध्येच बोटभर कोरं. मास्तरांनी लगेच ओळखलं: वर्गात धड्याखाली असायच्या त्याच या गाळलेल्या जागा. पेन्सिल कानामागे होतीच.

"माझ्याआधी घरात..." वाचून ते थांबले. "...येते. काय येते गं? मला तर काही सुचत नाही बुवा."

त्यांनी पेन्सिल कोऱ्या जागेवर टेकवून ठेवली. मग कॉटवरून आवाज आला, "कात्री."

मास्तर सुधारायला गेले आणि थबकले. पुढच्या खोलीत दुकान, मागे संसार. कात्रीचा आवाज थांबला की बाई ताट वाढायला घ्यायच्या, चाळीस वर्षं.

"बरोबर," ते म्हणाले आणि लिहिलं.

आठ दिवसांत पुस्तक भरत आलं. लेकीने पाहिलं आणि कपाळाला हात लावला.

"बाबा, कविता आहेत या. भल्याभल्यांना उलगडत नाहीत. जागा मुद्दाम सोडल्यात."

"मग आम्हीही मुद्दामच भरल्यात."

"वाचनालयाचं पुस्तक आहे ते."

"असू दे. एक तरी चुकलंय का बघ."

लेक उभ्यानेच पानं उलटू लागली. उलटता उलटता आईच्या पायाशी बसली. वाचनालयाला तिने नवी प्रत घेऊन दिली.

शेवटच्या पानावर एकच शब्द होता, 'आणि'. खाली सगळं कोरं. मास्तरांनी तो वाचला आणि वाट पाहिली. आजारपणापासून बाईंनी नवऱ्याला एकदाही हाक मारली नव्हती.

"अहो," त्या म्हणाल्या.

मास्तरांनी तेही लिहिलं, सावकाश, काना नीट ओढून.

थोरली नात शाळेत जाऊ लागली त्या वर्षी, मार्चच्या अकरा तारखेला सकाळी, मास्तरीणबाई वारल्या.