पडद्याच्या घडीतली मुंगी

मित्रांनो, मी एक जुना पडदा आहे. वस्तीच्या सभागृहातला, तपकिरी मखमलीचा. एका शिंप्याने अठरा पट्टे जोडून मला शिवले आणि वाऱ्याने हलू नये म्हणून खालच्या दुमडीत साखळी घातली. पहिली कितीतरी वर्षे मी रुबाबात काढली. मी सरकू लागलो की बडबडी माणसेही गप्प व्हायची. पुढे नाटके थांबली. मंचावर मोडक्या खुर्च्या रचल्या गेल्या आणि माझ्या घड्यांत उंदरांनी संसार थाटले.

मग एक निवृत्त परिचारिका आली. वस्तीतल्या मुलांना दर शनिवारी नाटक शिकवायचे तिने मनावर घेतले होते. मुले तिला नर्सताई म्हणत. तिने मला उतरवून बडव बडव बडवले आणि म्हणाली, "पेशंट ठणठणीत आहे. नुसती धूळ चढलीय!"

ती मुलांना सांगायची, "पाठ केलेलं नको. तुम्ही पाहिलेलं लिहा." चौदा वर्षांच्या मुंगीने लिहिले. अंगाने एवढीशी म्हणून ती मुंगी. तिच्या नाटकात एक बाप होता. त्याचा कारखाना बंद पडलेला असतो, पण तो घरी सांगत नाही. रोज सकाळी डबा घेऊन निघतो, बागेतल्या बाकावर दिवस काढतो आणि संध्याकाळी घरी परततो. सगळ्यांना वाटले, काय एकेक सुचते या पोरीला!

प्रयोगाच्या दिवशी सभागृह गच्च भरले. दुसरी घंटा झाली आणि मुंगी धावत येऊन माझ्या घडीत शिरली. तिचे काळीज माझ्या मखमलीवर धडधडत होते.

तिथेच उभ्या नर्सताईला ती म्हणाली, "ताई, बाबा आलेत! आई ओढून घेऊन आली त्यांना."

"मग चांगलंच आहे की."

"ते नाटक बाबांचंच आहे, ताई. मी त्यांना बागेत पाहिलंय. मला कळलंय हे त्यांना माहीत नाही."

नर्सताईचा चेहरा उतरला. "हे मला आधी सांगायचं होतंस, मुंगी. आणि त्यांना त्याच्याही आधी." तिने माझी दोरी ओढणाऱ्या मुलाला पाठवून बाबांना आत बोलावले. तिसरी घंटा थांबवली.

"हिच्या नाटकात तुमचं काहीतरी आहे," ती त्यांना म्हणाली. "तुम्ही नको म्हणालात, तर हा पडदा उघडणार नाही."

"माझं काय?"

मुंगी तोंड न दाखवता माझ्या आडूनच बोलली. "बाक, बाबा. बागेतला."

बाबांनी माझी कड मुठीत धरली. मूठ अशी आवळली की मला वाटले, आता फाटलो.

"कधीपासून माहीत आहे?"

"परीक्षेच्या आधीपासून."

"आईला?"

"नाही सांगितलं."

बाहेर लोक पाय आपटू लागले. कोणीतरी शिट्टी मारली. बाबांनी विचारले, "शेवटी काय होतं त्याचं?"

"मुलगी येऊन शेजारी बसते. पुढचं मला लिहिताच आलं नाही."

मूठ हळूहळू सैल झाली. "तुझ्या आईला हे लोकांसमोर कळायला नको," ते म्हणाले. "दहा मिनिटं थांबा."

माझ्या फटीतून मी पाहिले. ते आईला घेऊन बाहेर अंगणात गेले. पहिल्या रांगेत दोन खुर्च्या रिकाम्या राहिल्या. दहा मिनिटे झाली, पंधरा झाली. काही माणसे उठून चालू लागली. नर्सताई घड्याळाकडे पाहीना आणि मुंगी मला सोडीना.

अखेर दार उघडले. पुढे आई होती, डोळे लाल. मागे बाबा. दोघे खुर्च्यांवर बसले. आईने पदराने नाक पुसले, मंचाकडे पाहिले आणि हात वर करून 'होऊ दे' अशी खूण केली.

तिसरी घंटा झाली. मी उघडलो. पहिल्याच वाक्याला मुंगी अडखळली, मग मात्र धीटपणे बोलत गेली. बाबा मान खाली घालून बसले होते. शेवटच्या प्रवेशाला त्यांनी ती वर केली.

मित्रांनो, तुमच्याही वस्तीत असे एखादे सभागृह असेल. त्याला कुलूप लागू देऊ नका, आमच्यावरची धूळ झटकत राहा. आणि आपल्या माणसाची गोष्ट चारचौघांत सांगायची असेल, तर आधी त्याला विचारा. उत्तर यायला उशीर लागला, तर थांबा. आम्ही पडदे थांबतो.