गरम नळातले पाणी

मी एक जुना कॅम्पर ट्रेलर आहे, मित्रांनो. मला चाके आहेत, पण इंजिन नाही. स्वयंपाकघर आहे, न्हाणीघर आहे, खिडक्यांना पडदे आहेत, पण पत्ता नाही. जो ओढेल त्याच्या मागे जायचे आणि तो सोडेल तिथे उभे राहायचे, हेच माझे आयुष्य. तेव्हा या गोष्टीत मी काही पराक्रम गाजवला असेल अशी आशा धरू नका. मी सगळे पाहिले आणि गप्प राहिलो. दुसरे करणार तरी काय?

माझा जन्म एका कारखान्यात झाला. वरून पत्रा ठोकला, आतून फळ्या लावल्या, आणि त्या फळ्यांच्या मागे पाण्याचे पाइप फिरवले. लोक माझे पडदे पाहून मला छान म्हणतात. माझा जीव मात्र त्या पाइपांत आहे, आणि ते कोणी पाहत नाही.

कॅनडातल्या सस्कॅचेवानच्या सपाट मुलखात राहणाऱ्या ओरेस्ट नावाच्या सुताराने मला आपल्या निळ्या पिकअपला जोडून घरी नेले. त्याच्या बायकोने, झेनियाने, सगळ्यात आधी माझ्या मेजावर पाव आणि मीठ ठेवले. त्यांच्या युक्रेनियन कुटुंबात नव्या घराचे स्वागत असेच करतात. मला कोणी घर मानले ते तेव्हाच. खोटे कशाला बोलू, मी फुशारून गेलो.

पुढे कितीतरी उन्हाळे आम्ही तळ्याकाठी काढले. सकाळी पकडलेला मासा दुपारी माझ्या शेगडीवर तळला जाई. मुले पोहून आली की झेनिया दारातच ओरडे, "पाय पुसा रे आधी! हे घर आहे, होडी नाही!" मुले मोठी होऊन दूरच्या शहरांत गेली. मग ही दोघेच येऊ लागली. रात्री पत्ते खेळत आणि दोघेही लबाडी करत.

पण तिथला हिवाळा म्हणजे साधीसुधी थंडी नव्हे. पाइपात थोडे जरी पाणी राहिले तरी ते गोठते, फुगते आणि पाइप फोडते. म्हणून ऑक्टोबरात थँक्सगिव्हिंगच्या सणाचे जेवण झाले, टर्की आणि कोबीचे रोल संपले, की ओरेस्ट माझ्या औषधपाण्याला लागे. आधी टाकी रिकामी करायची. मग गिझर रिकामा करून बंद करायचा. मग बाहेरच्या बाजूने, हातपंपाने, न गोठणारे गुलाबी औषध माझ्या पाइपांत भरायचे. ओरेस्ट बाहेर उभा राहून पंप मारी. झेनिया आत एकेक नळ उघडून बसे. आधी पाणी येई, मग फिकट रंग, मग अस्सल गुलाबी धार. ती धार दिसली की झेनिया खिडकीतून हाक देई, "गुलाबी!" आणि ओरेस्टचा हात थांबे. त्याला आतले दिसत नसे. त्याने ते बघायला येण्याची गरजही कधी पडली नाही.

शेजारचा वॉल्टर कुंपणापाशी येऊन दरवर्षी चिडवी, "काय रे, म्हाताऱ्याला सरबत पाजतोयस वाटतं?"

"पाजतो बाबा. प्यायला की वसंतापर्यंत गप्प झोपतो. तू झोपशील का?"

मग तो उन्हाळा आला, ज्यात आम्ही तळ्यावर गेलोच नाही. ओरेस्टच्या हृदयावर शस्त्रक्रिया झाली होती. घरी आला तेव्हा तो अर्धा झाला होता. हातात हातोडी घेई आणि तसाच खाली ठेवी. ऑक्टोबर आला तशी झेनिया म्हणाली, "या वर्षी ट्रेलरच्या दुकानातल्या माणसांना बोलवू या. पंप मारायचा दम आहे का तुझ्यात?"

"एवढं एक तरी मला करू दे गं," ओरेस्ट म्हणाला. "हेही जमलं नाही तर मग मी खुर्चीतच बसतो कायमचा."

तिने त्याच्या डोक्यावर लोकरी टोपी कानापर्यंत ओढली आणि आत येऊन नळ उघडला.

वारा बोचरा होता. स्वयंपाकघरातले नळ नीट गुलाबी झाले. न्हाणीघरातला थंड पाण्याचा नळही झाला. राहिला तिथला गरम पाण्याचा नळ. तो सगळ्यात लांबचा, त्याला वेळ लागतो. झेनियाने तो उघडला. पाणी आले, नुसते स्वच्छ पाणी. बाहेर पंपाचा आवाज मंदावत चालला होता. पंपाचे दोन दाब, मग खोकला. एक दाब, मग बराच वेळ काहीच नाही. झेनियाने खिडकीतून पाहिले. ओरेस्ट माझ्या पत्र्याला टेकून उभा होता आणि त्याचे ओठ निळसर पडले होते.

"आलं का गं?" त्याने विचारले.

नळातून अजून पाणीच येत होते. मला ते माझ्या अंगात कळत होते. झेनियालाही डोळ्यांनी दिसत होते.

"गुलाबी!" ती ओरडली. "झालं सगळं. ये आत."

ओरेस्टने पंप खाली ठेवला आणि तो हसला, मित्रांनो! शस्त्रक्रियेनंतर मी त्याला प्रथमच तसा हसताना पाहिले. "बघितलंस? आहे अजून दम!" तो म्हणाला. झेनियाने नळ बंद केला. नंतर उरलेले काम आपण एकटीने करू असे तिच्या मनात असेल. पण त्याच संध्याकाळी बर्फ सुरू झाले, आणि ओरेस्टने कौतुकाने माझ्यावर ताडपत्री बांधून टाकली होती.

तो हिवाळा मी कसा काढला ते माझे मला ठाऊक. थंडी खाली खाली गेली आणि न्हाणीघरामागे ते पाणी फुगू लागले. ओरडता आले असते तर मी सारी आळी जागी केली असती. एका पहाटे पाइप फुटला. इतका बारीक आवाज झाला की शेजारचे कुत्रेसुद्धा भुंकले नाही.

मे महिन्यात तळ्यावर जायचे ठरले. ओरेस्ट शीळ घालत आला आणि त्याने मला नळी जोडली. थोड्याच वेळात न्हाणीघराच्या कपाटातून पाणी वाहू लागले. त्याने धावत जाऊन नळी काढली, गुडघ्यांवर बसला आणि फुटलेला पाइप बोटाने चाचपला.

"या नळाला गुलाबी आलं होतं ना?"

झेनियाने मान हलवली. हो म्हणून.

"मग मीच चुकलो. गिझरमधलं पाणी नीट काढलं नसणार. औषध पातळ झालं. रंग आला, पण जोर नव्हता त्यात." तो आपल्या हातांकडे पाहत राहिला. "आता माझ्या हातांचा भरवसा नाही, झेनिया. वॉल्टरला विचार, त्याच्या पुतण्याला हा ट्रेलर हवा असेल तर घेऊन जा म्हणावं."

तेव्हा ती ओल्या जमिनीवर त्याच्याशेजारी बसली आणि रडत म्हणाली, "नव्हतं आलं रे. पाणीच येत होतं. तुला धाप लागली होती म्हणून मी खोटंच ओरडले. तुझं काही चुकलं नाही!"

ओरेस्टने तिचे डोळे पुसले. "किती गुणाची आहेस! माझी चूक स्वतःवर घेतेस?"

"अरे, खरं सांगतेय मी!"

"बरं, बरं," तो म्हणाला आणि तिच्या पाठीवर थोपटत राहिला.

ती शपथा घेत होती आणि तो मायेने मान डोलवत होता. खरे काय ते तिच्याखेरीज एकट्या मला माहीत होते, आणि मला तोंड नव्हते.

पुतण्याने मला नेले. त्याने कपाट उघडले, फुटका तुकडा कापला, नवा बसवला आणि हात धुऊन जेवायला गेला. तेवढेच काम होते ते. ओरेस्ट आणि झेनिया मला सोडायला रस्त्यापर्यंत आले होते. पिकअपची कडी लावताना पुतण्या त्याला म्हणाला, "काका, जरा बघता का, नीट बसली का?" ओरेस्टने हात खिशातून काढलेच नाहीत. "तिला विचार," तो म्हणाला.

मित्रांनो, तुमचे माणूस थकले असेल तर त्याला आत बोलवा, त्याच्या हातातला पंप तुम्ही घ्या, हवे तर त्याच्याशी भांडा. पण त्याने "आलं का?" असे विचारले, तर तुम्हाला दिसले असेल तेच सांगा.